शरियत, रिवाज आणि दिल्लीचे उर्दू गद्य

१

इस्लामी कायदा आणि नीती यांच्या संबंधाची चर्चा निघाली म्हणजे एकीकडे फिक्हचे ग्रंथ आणि दुसरीकडे न्यायालयांचे निवाडे पुढे केले जातात. साहित्याची साक्ष सहसा कोणी काढीत नाही. दिल्लीचा गेल्या तीन शतकांचा इतिहास पाहिला तर ही उपेक्षा योग्य नव्हे असे दिसून येते. या नगरीत शरियतीचा अर्थ ज्याप्रमाणे मुफ्तींनी सांगितला आणि न्यायाधीशांनी ठरविला, त्याचप्रमाणे तो भाषांतरकारांनी आणि कादंबरीकारांनीही शोधला. कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्ष घरात पोहोचतो की नाही, हा प्रश्न तर या शेवटच्या दोघांनीच प्रथम विचारला.

चर्चेच्या आरंभी तीन शब्दांचा भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. शरियत म्हणजे श्रद्धावंताच्या दृष्टीने ईश्वराने दाखविलेला मार्ग. त्या मार्गाचे विद्वानांनी आपल्या बुद्धीने केलेले आकलन म्हणजे फिक्ह. हे आकलन मानवी असल्यामुळेच हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली असे त्याचे पंथ झाले. तिसरा शब्द रिवाज. तो कोणत्याही ग्रंथात नसतो. परंतु लग्न, वारसा आणि वैधव्य या तीन प्रसंगी घरातील शेवटचा शब्द पुष्कळदा त्याचाच असतो. दिल्लीच्या उर्दू गद्याचा एक मोठा भाग या तिघांच्या झगड्यातून निर्माण झाला आहे.

२

या इतिहासाचा आरंभ भाषांतरापासून करावा लागतो. शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी दिल्लीत कुराणाचे फारसी भाषांतर केले. त्या काळी फारसी ही शिक्षित वर्गाची भाषा होती. धर्मग्रंथाचे केवळ पठण न होता त्याचा अर्थही कळावा, ही या उद्योगामागील दृष्टी होती. ‘हुज्जतुल्लाह अल-बालिगा’ या आपल्या अरबी ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की, शरियतीचे आदेश निर्हेतुक नसून प्रत्येक आदेशाच्या मुळाशी मानवी हिताचा काही उद्देश असतो. आदेशाला उद्देश असतो असे एकदा मानले की, आदेशाचे पालन होऊनही त्याचा उद्देश विफल होऊ शकतो, हेही मानावे लागते. पुढील दोन शतकांतील बहुतेक सुधारणावादी युक्तिवाद या एका फटीतून आत शिरले आहेत.

वलीउल्लाहांच्या पुत्रांनी हे कार्य फारसीतून उर्दूत आणले. शाह रफीउद्दीन यांनी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले, तर शाह अब्दुल कादिर यांनी १७९० च्या सुमारास पूर्ण केलेल्या भाषांतरात बोलीचा ओघ सांभाळण्याचा यत्न केला. अर्थ किती जपावा आणि भाषा किती जपावी, हा भाषांतराचा सनातन प्रश्न एकाच घरातील दोन बंधूंनी दोन रीतींनी सोडविला. उर्दू गद्याच्या घडणीत या भाषांतरांचा वाटा मोठा आहे.

याच सुमारास कलकत्त्यात दुसऱ्याच हेतूने दुसरी भाषांतरे होत होती. चार्ल्स हॅमिल्टन याने ‘हिदाया’चे इंग्रजी रूपांतर १७९१ मध्ये प्रसिद्ध केले; विल्यम जोन्स याने वारसाहक्कावरील ‘सिराजिया’ १७९२ मध्ये इंग्रजीत आणला. कंपनीच्या न्यायाधीशांना मौलवींवर अवलंबून न राहता निकाल देता यावा, हा त्यांचा उपयोग होता. फिक्हच्या परंपरेत एकाच प्रश्नावर अनेक मते शेजारी शेजारी नांदत असत आणि मुफ्ती प्रसंग पाहून त्यांतून निवड करी. इंग्रजी पुस्तकात मात्र त्यांतील एकच मत कलमासारखे गोठले. ‘मोहमेडन लॉ’ या नावाने जो कायदा पुढे भारतीय न्यायालयांत चालला, तो बव्हंशी या गोठण्यातून जन्मला. एका भाषांतराने ग्रंथ सामान्य वाचकाच्या हाती दिला आणि दुसऱ्याने तो न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवला. या दोहोंतील ताण आजतागायत मिटलेला नाही.

३

१८५७ पूर्वीच्या दिल्लीत धर्मशास्त्र, न्याय आणि काव्य ही तीन क्षेत्रे एकमेकांपासून दूर नव्हती. मुफ्ती सदरुद्दीन ‘आजुर्दा’ हे कंपनीच्या न्यायखात्यात सद्र-उस्-सुदूर होते, मोठे अध्यापक होते आणि गालिबच्या स्नेहमंडळातील कवीही होते. उठावानंतर त्यांच्यावर किटाळ आले आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. आजुर्दांच्या पतनाबरोबर एका व्यक्तीचेच नव्हे, तर एका प्रकारच्या विद्वत्तेचे दिवस संपले. १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंडसंहिता अमलात आली आणि तोवर कंपनीच्या न्यायालयांत फेरफारांसह चालत आलेला इस्लामी फौजदारी कायदा अस्तंगत झाला. १८६४ च्या अकराव्या कायद्याने न्यायालयांतील काजी आणि मुफ्ती यांची पदेही गेली. शरियतीचे क्षेत्र आता विवाह, तलाक, वारसा आणि वक्फ एवढ्यापुरते उरले. राज्य आणि बाजार यांतून ती निघाली आणि घरात येऊन बसली. तिच्यासंबंधीचे पुढील सारे वाद घरातील स्त्रीभोवती का फिरत राहिले, याचे एक कारण येथे सापडते.

दंडसंहितेचे उर्दू रूपांतर ‘ताजीरात-ए-हिंद’ तयार करणाऱ्यांत एक तरुण होता, नजीर अहमद. बिजनौर जिल्ह्यातून विद्येसाठी दिल्लीस आलेला हा मुलगा औरंगाबादी मशिदीत राहून शिकला. मशिदीतील विद्यार्थ्यांना घरोघर फिरून अन्न आणावे लागे आणि मौलवींच्या घरी मसाला वाटण्याचे कामही पडे. त्या दिवसांची हकीकत मिर्झा फरहतुल्लाह बेग यांनी नजीर अहमदांच्या आठवणींत मोठ्या रसाळपणे सांगितली आहे. पुढे दिल्ली कॉलेजात अरबीचे अध्ययन, मग शिक्षणखाते, दंडसंहितेचे भाषांतर आणि डेप्युटी कलेक्टरी असा त्यांचा प्रवास झाला. हनफी फिक्हमध्ये वाढलेल्या या माणसाने इंग्रजी गुन्ह्यांना उर्दू नावे देण्यात हातभार लावला आणि त्यांतील पुष्कळ नावे उर्दू कचेरीच्या भाषेत रुजली. ती दंडसंहिता ३० जून २०२४ पर्यंत, म्हणजे एकशे बासष्ट वर्षे, चालली.

या अनुभवाची खूण त्यांच्या कथालेखनात स्पष्ट उमटली आहे. ‘तौबतुन्नसूह’मध्ये दिल्लीत पटकीची साथ आली असता नसूह नावाचा गृहस्थ आजारी पडतो आणि स्वप्नात परलोक पाहतो. तेथे त्याला एक भव्य कचेरी दिसते. कोणी हवालातीत आहेत, कोणाची चौकशी चालू आहे, आणि आरोपींत त्याचा मृत पिताही आहे. ईश्वरी न्यायाचे हे चित्र धर्मग्रंथातून जितके आले आहे, तितकेच जिल्हा कचेरीतूनही आले आहे. कायद्याचे राज्य पृथ्वीवर परक्यांच्या हाती गेल्यावर लेखकाने त्याची प्रतिमा अंतःकरणात नेऊन बसविली. नसूह जागा होतो तो घरातील माणसांच्या नीतीचा हिशेब घेण्याच्या निश्चयाने. मात्र या हिशेबात थोरल्या मुलाची काव्याची पुस्तके जाळली जातात, हेही विसरता येत नाही. नीतीच्या आवेशात साहित्याचाच बळी देणारा हा साहित्यिक आपल्याच कलेविषयी किती साशंक होता, याचे हे द्योतक होय.

४

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नजीर अहमदांच्या दोन कादंबऱ्या अधिक महत्त्वाच्या आहेत. ‘फसाना-ए-मुब्तला’ (१८८५) ही बहुपत्नीकत्वाची कथा आहे. लाडाकोडात वाढलेला देखणा मुब्तला पहिली पत्नी गैरत बेगम असताना हरियाली नावाच्या गणिकेशी गुप्तपणे विवाह करतो आणि तिला मोलकरीण म्हणून घरात आणतो. खरा प्रकार उघड झाल्यावर घराचे रणक्षेत्र होते. शेवटी मुब्तलाचा सर्वनाश होतो.

कादंबरीच्या मध्यभागी मुब्तला आणि आरिफ यांचा वाद आहे. धर्माने परवानगी दिली आहे, मग दोष कसला, अशी मुब्तलाची भूमिका आहे. या वादाचा कणा ‘अदल’ म्हणजे समन्याय हा शब्द होय. कुराणात अनेक पत्नींची मुभा समन्यायाच्या अटीवर दिलेली आहे. आणि पुरुषाने कितीही इच्छिले तरी स्त्रियांमध्ये पूर्ण समन्याय त्याच्याकडून होणे नाही, असेही त्याच अध्यायात अन्यत्र म्हटले आहे. ही दोन वचने शेजारी ठेवली की मुभेचा अर्थ फार आकुंचित होतो, असा युक्तिवाद एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी पुढे आणला. परंपरेतील शास्त्रीही निरुत्तर नव्हते. समन्याय म्हणजे अन्न, वस्त्र आणि सहवास यांतील समानता, मनातील प्रीतीची नव्हे, असे ते सांगत. नजीर अहमदांनी हा वाद शास्त्राच्या बळावर संपविला नाही, तर घरात नेऊन सोडला. अन्नवस्त्राची समानता तरी त्या घरात कशी राहील, हे ते प्रसंगाप्रसंगाने दाखवीत जातात. कायद्यात जी पत्नी आहे तिला मोलकरणीच्या वेषात आणावे लागते, या एका गोष्टीतच मुब्तलाच्या युक्तिवादाचा निकाल लागला आहे.

कादंबरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. लेखकाची सहानुभूती हरियालीपर्यंत पोहोचत नाही. तिने विवाहाची इच्छा का धरली आणि प्रतिष्ठित घरात येण्यासाठी तिने काय सोसले, हे तिच्या बाजूने सांगितले जात नाही. नजीर अहमदांची नीती शरीफ घराण्यांची आहे आणि तिचे दार गणिकेला उघडत नाही. समन्यायावर लिहिलेल्या कादंबरीत दोन पत्नींना लेखकाकडून समन्याय मिळू नये, हा तिचा सर्वांत मोठा दोष होय.

‘अयामा’ (१८९१) ही विधवेची कथा आहे. तिची नायिका आजादी बेगम तरुणपणी विधवा होते आणि अखेरीस मृत्युशय्येवरून विधवांच्या हालांविषयी दीर्घ भाषण करते. मराठी वाचकाला येथे सहजच हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’चे स्मरण होईल. ती कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून येऊ लागली होती. दोन नगरींत, दोन समाजांत, जवळजवळ एकाच वेळी विधवेला बोलते करणाऱ्या दोन कादंबऱ्या निर्माण झाल्या. परंतु साम्य येथेच संपते. महाराष्ट्रात विधवाविवाहाला शास्त्राधार आहे की नाही, हाच वाद होता. १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांपुढे त्याचा रीतसर शास्त्रार्थ झाला. दिल्लीत असा वाद संभवतच नव्हता. शरियत विधवेला पुनर्विवाहाची संपूर्ण मोकळीक देते आणि पैगंबरांच्या बहुतेक पत्नी विवाहसमयी विधवा होत्या. तरीही शरीफ मुसलमान घराण्यांत विधवेचे लग्न हा कलंक मानला जाई. वलीउल्लाहांच्या परंपरेतील सय्यद अहमद बरेलवी यांनी आपल्या मृत भावाच्या पत्नीशी विवाह करून हा रिवाज मोडण्याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच घालून दिले होते. तो मोडला नाही म्हणून ‘अयामा’ लिहावी लागली.

हरिभाऊंच्या यमूवर शास्त्र आणि रूढी या दोहोंचा भार होता. आजादीच्या बाजूने शास्त्र होते. ती केवळ रूढीने चिरडली गेली. यावरून उदार शास्त्र अनुदार समाजाला आपोआप सुधारीत नाही, असा निष्कर्ष निघतो. तो दोन्ही समाजांच्या सुधारकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. कलादृष्ट्या मात्र हरिभाऊ श्रेष्ठ ठरतात. यमू जगते आणि वाचक ते पाहतो. आजादी अखेर व्याख्यान देते आणि वाचक ते ऐकतो.

उत्तरायुष्यात नजीर अहमदांनी दिल्लीच्या बोलभाषेत कुराणाचे भाषांतर केले आणि ‘अल-हुकूक वल-फराइज’ या ग्रंथात हक्क आणि कर्तव्ये यांची विस्तृत मांडणी केली. पैगंबरांच्या पत्नींवरील त्यांच्या ‘उम्महातुल-उम्मा’ या पुस्तकातील बोलभाषा मात्र अनेकांना अनादराची वाटली. मोठा क्षोभ झाला आणि प्रती जाळल्या गेल्या. काव्याची पुस्तके जाळणाऱ्या नसूहचा जनक स्वतःच या प्रसंगातून गेला. १९१२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

५

नजीर अहमदांचा वारसा त्यांच्याच आप्तांपैकी राशिद-उल-खैरी (१८६८–१९३६) यांनी पुढे चालविला. १९०८ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘इस्मत’ या मासिकाने पडद्यातील स्त्रियांचा एक वाचकवर्ग निर्माण केला. खैरींना ‘मुसव्विर-ए-गम’ म्हणजे दुःखाचे चित्रकार म्हणत. त्यांच्या कथांत अश्रू अति आहेत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्या अश्रूंच्या मागे एक रोकडा प्रश्न होता: कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, पण निश्चित हिस्सा दिला आहे, तो तिला मिळतो कोठे? त्याचप्रमाणे पत्नीच्या पुढाकाराने होणारा विवाहविच्छेद, म्हणजे ‘खुला’, ग्रंथात आहे. मग नांदविणे नाही आणि सोडणेही नाही अशा अवस्थेत लोंबकळणाऱ्या स्त्रीला तो का लाभत नाही?

हे प्रश्न केवळ भावनेचे नव्हते. रिवाजापुढे शरियत हरते, हे न्यायालयांनी पूर्वीच दाखविले होते. १८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि मेमन कन्यांनी कुराणोक्त हिस्सा मागितला, तेव्हा सर अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज प्रमाण मानून तो नाकारला. पंजाबात तर १८७२ च्या कायद्याने रिवाजालाच अग्रस्थान दिले होते. ही स्थिती पालटण्यासाठी १९३७ चा शरियत कायदा झाला. त्यामागे उलेमांचा आग्रह होता, तसाच स्त्रियांच्या काही संघटनांचाही पाठिंबा होता.

दोन वर्षांनी झालेला १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा हा फिक्हच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय. हनफी मताप्रमाणे बेपत्ता पतीच्या पत्नीला त्याच्या समवयस्कांचे आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे व्यवहारात मरेपर्यंत, वाट पाहावी लागे. सुटकेचा अन्य मार्ग न उरल्याने काही स्त्रिया धर्मत्याग करून विवाह तोडू लागल्या. तेव्हा ठाणा भवनचे मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन्-नाजिजा’ हा ग्रंथ सिद्ध करून, अशा अडचणीत मालिकी पंथाचे मत स्वीकारावे, असे प्रतिपादिले. मालिकी मतात ही प्रतीक्षा चार वर्षांची आहे. काजी मुहम्मद अहमद काझमी यांनी मांडलेले विधेयक या विचारावर आधारलेले होते. चार वर्षे पती बेपत्ता, दोन वर्षे पोटगी नाही, अशी विच्छेदाची कारणे त्यात नमूद झाली. अशा दाव्यांचा निर्णय मुसलमान न्यायाधीशानेच द्यावा, ही उलेमांची मागणी मात्र मान्य झाली नाही. कठोर परंपरानिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मौलानाने स्त्रियांच्या सुटकेसाठी आपल्या पंथाची चौकट ओलांडली, ही गोष्ट फिक्ह अचल आहे असे मानणाऱ्या मित्रांनी आणि शत्रूंनी सारखीच लक्षात ठेवावी.

६

तथापि १९३७ च्या कायद्यात शेतजमीन वगळलेली होती, कारण तो विषय प्रांतांचा होता. ज्या देशात बहुसंख्य लोकांची संपत्ती म्हणजे शेत, त्या देशात मुलीच्या हिश्श्यातून शेतच वगळणे म्हणजे हक्काचा गाभा काढून घेणे होय. स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९५४ च्या दिल्ली जमीन सुधारणा कायद्यातही वारसांच्या क्रमात पुरुष वंशजांनाच प्रथम स्थान मिळाले. येथे धर्माचा भेद नव्हता. रिवाज सर्वांचा सारखा होता.

दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या मेवातात हे चित्र अधिकच ठळक होते. मेव हे मुसलमान असूनही पाल आणि गोत्र पाळीत आले आहेत. चुलत-मामे भावंडांचे विवाह शरियतीत संमत असताही त्यांच्यात निषिद्ध मानले जातात, आणि जमिनीचा वारसा पुत्राकडे जातो. १९२० नंतरच्या दशकात मौलाना इलियास यांनी निजामुद्दीनच्या बंगलेवाली मशिदीतून या मेवांमध्येच तबलीगचे कार्य आरंभिले. त्या कार्याने नमाज आणि आचार यांत मोठे परिवर्तन घडविले. परंतु जमीन आणि कन्या यांच्यामधील रिवाजाची भिंत त्याने ढासळली नाही. धर्मनिष्ठा वाढली म्हणजे धर्माने दिलेले हक्कही वाढतात असे नाही. जो आदेश पुरुषाकडून पहाटेची झोप मागतो, तो लवकर मानला जातो. जो शेताचा तुकडा मागतो, त्याला पिढ्यान् पिढ्या थांबावे लागते.

७

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे केंद्र दिल्लीतील न्यायालये आणि संसद हे झाले. महाराष्ट्राने येथे दोन भिन्न भूमिका पुरविल्या. माथेरानला जन्मलेले आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांनी धर्म आणि कायदा यांची क्षेत्रे विवेकाने वेगळी करावीत, असे विद्वत्तेच्या बळावर मांडले. ‘इंधन’ या कादंबरीचे लेखक हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांसह मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेला आणि समान कायद्याची मागणी केली. नजीर अहमद शास्त्राच्या आत राहून रूढीशी भांडले. दलवाई शास्त्राच्या प्रामाण्याबाहेर उभे राहिले. दोघेही कथाकार होते, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. माणूस नियमाखाली कसा वाकतो, हे पाहण्याची सवय कथाकाराच्या दृष्टीला असते.

२३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने शाहबानो प्रकरणी निकाल देताना घटस्फोटितेला पोटगी मिळण्यास धर्माचा विरोध नाही, हे दाखविण्यासाठी कुराणाची निरनिराळी इंग्रजी भाषांतरे तपासली. सारा वाद ‘मताअ’ या एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला. न्यायालयाला असा अर्थ लावण्याचा अधिकार काय, असा प्रश्न उलेमांनी विचारला. त्यांच्या रोषात दोन शतकांपूर्वी कलकत्त्यात झालेल्या भाषांतरांची आठवण दडलेली होती, हे ओळखल्यावाचून त्या क्षोभाचा उलगडा होत नाही. परंतु या वादात पोटगी मागणारी वृद्ध स्त्री बाजूला पडली, हेही तितकेच खरे. १९८६ च्या कायद्याने तिचा हक्क इद्दतीच्या मुदतीपुरता बांधल्यासारखा झाला. २००१ मध्ये न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की, तरतूद इद्दतीच्या आत करावयाची, पण ती पुढील आयुष्यासाठी. जुलै २०२४ मध्ये सर्वसामान्य फौजदारी तरतुदीखाली पोटगी मागण्याचा घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केला.

तलाकाच्या प्रश्नात दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००७ मधील एका निकालाकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. न्यायमूर्ती बदर दुर्रेज अहमद यांनी शरियत आणि फिक्ह यांच्या स्वरूपाची चर्चा करून, एका दमात उच्चारलेले तीन तलाक एकच आणि मागे घेता येण्याजोगा मानावा, असे ठरविले. परंपरेतच असलेल्या एका मताचा आधार त्यांनी घेतला. थानवींनी १९३० नंतर जे केले, त्याच पद्धतीचा हा अवलंब होता. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी अशा तलाकाची प्रथा रद्द केली. बहुमतातही कारणांची एकवाक्यता नव्हती. कोणी ती कुराणाशी विसंगत म्हणून बाद केली, तर कोणी ती उघड मनमानी असल्याने राज्यघटनेविरुद्ध ठरविली. २०१९ च्या कायद्याने अशा उच्चाराला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. पतीला तुरुंगात धाडून पत्नीची उपजीविका कशी चालावी, हा त्यावरील आक्षेप सर्वस्वी अनाठायी नाही. घरात आलेली शरियत अशा रीतीने पुन्हा फौजदारीच्या दारात येऊन उभी राहिली.

८

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निश्चित होते. इस्लामी कायदा बदलत नाही, हे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच तो एका निकालाने किंवा एका अधिनियमाने बदलतो, हे म्हणणेही चुकीचे आहे. तो भाषांतराने, पंथांतील निवडीने, न्यायालयीन अर्थाने आणि सार्वजनिक क्षोभाने बदलत आला आहे. प्रत्येक वेळी प्रश्न दुहेरी होता: अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या अर्थाचे फळ कोणाच्या पदरात? पहिल्या प्रश्नावर पंडित, पुढारी आणि न्यायाधीश भांडत राहिले. दुसरा प्रश्न दीर्घकाळ कथाकारांनीच जागता ठेवला.

नजीर अहमदांच्या कादंबऱ्या कलाकृती म्हणून सदोष आहेत. राशिद-उल-खैरींच्या तर आज वाचवतही नाहीत असे कोणी म्हणेल. परंतु गैरत बेगम आणि आजादी यांनी जे विचारले, त्याचे उत्तर अद्याप पुरते मिळालेले नाही. आरिफने जिंकलेल्या वादाने मुब्तलाचे घर सावरले नाही आणि १९३७ च्या कायद्याने मेवातातील कन्येला शेत दिले नाही. नियम न्याय्य असणे आणि घरात न्याय असणे यांतील अंतर मोजण्याचे जे काम या जुन्या गद्याने अंगावर घेतले, ते अजून संपलेले नाही.